आधी घाबरा, मग बघा

सकाळपासून फोन वाजला नव्हता आणि मी मूर्खासारखी खुशीत होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल की बाईला फोनचा कंटाळा दिसतोय. कंटाळा कसला, दहशत होती. माझ्या बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. फुफ्फुसं थकली आहेत त्यांची. मशीनमधून निघालेली नळी नाकात, आणि डाव्या हाताच्या बोटाला एक चिमटा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा. चिमट्याची वायर जाते खुर्चीशेजारच्या एका डबीत आणि त्या डबीत एक प्रोग्रॅम आहे. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरला की तो माझा फोन वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, बोंब ठोकतो. बँकेत ठोकलीय, दंतवैद्याच्या खुर्चीत ठोकलीय, एकदा एका मयताला गेले होते तिथेही ठोकलीय, सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणून फोन गप्प असला की मी मनात म्हणायची, चला, बाबा ठीक आहेत.

प्रोग्रॅम मुक्त सॉफ्टवेअर आहे. फुकट तर आहेच, पण खरी गोष्ट ही की तो कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं. दवाखान्यातली महागडी यंत्रं ज्यांना परवडत नाहीत त्यांनी आपापल्या माणसांसाठी मिळून तो लिहिला. आता शेकडो घरांत चालतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी त्याची पुस्तिका लिहिली. डबी कुठे ठेवायची, चिमटा कुठल्या बोटाला लावायचा, सेटिंग काय भरायचं, असं सगळं. मी आणि बाबांनी मिळून.

बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. घरीही तेच. माझे शाळेतले निबंध बाईंच्या आधी ते लाल शाईने तपासायचे. शब्दावर आडवी रेघ आणि शेवटी वेटोळं काढलं की समजायचं, काढून टाक. आणि खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की, चुकून खोडलं, राहू दे. आम्हा बापलेकीत कितीतरी भांडणं या दोन खुणांवर मिटलीत. मी जेवायला बसून कुणाबद्दल वाईटसाईट बोलायला लागले की ते हवेत वेटोळं काढायचे.

पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांचंच. एकदा झोपेत त्यांच्या बोटाचा चिमटा निघाला होता. आकडाच येत नव्हता, मग कमी काय नि जास्त काय, फोन गप्पच. त्या वेळी नशिबाने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, लिही: "आकडा येत नसेल तर सगळं ठीक आहे असं समजू नका. आधी घाबरा, मग बघा." त्याखाली आम्ही सेटिंगचा नमुना दिला. आकडा थांबला तर किती वेळ वाट बघायची, हात धुवायला चिमटा काढला तर उगाच बोंब नको म्हणून काय करायचं, सगळं महिनोन्‌महिने वापरून, चुकून, पुन्हा बसवून तयार केलेलं. लोक पुस्तिका उघडायचे आणि तो नमुना आपापल्या डबीत भरायचे.

तर त्या दुपारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसलो होतो, पुस्तिकेचं लायसन्स ठरवायला. तिघंच होतो. मी, आमच्या मंडळींना कायदेशीर सल्ला देणाऱ्या वकीलबाई, आणि प्रोग्रॅमचं मुख्य काम बघणारा तंतोतंत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. दुसऱ्याचा स्वल्पविरामसुद्धा न विचारता उचलणार नाही असा माणूस. पेन मागून घेतलं तर टोपणासकट परत करतो.

"ताई, आज ठरवूनच उठायचं," वकीलबाई म्हणाल्या. "कितीदा पुढे ढकलणार? एक, प्रोग्रॅमचं जे लायसन्स तेच पुस्तिकेला. कुणीही घ्या, बदला, पुढे द्या, फक्त मूळ नावं ठेवा. दोन, वाटा पण बदलू नका. बोला."

"दोन," मी म्हणाले. "बदलायला मी देणार नाही. उद्या कुणी शहाणा अठ्ठ्याऐंशीचं अठ्ठ्याहत्तर करेल. वर नाव कुणाचं? माझं आणि बाबांचं. कुणाच्यातरी घरी कुणाचीतरी आई गुदमरेल आणि ती माणसं पुस्तिका उघडून माझं नाव वाचतील. मला झोप लागेल का हो मग?"

"आणि आत चूक असली तर? कुलूप लावलंत तर ती दुरुस्तही कुणी करणार नाही."

"बाबांनी तपासलंय ते. चूक नाहीये."

"बाबांचं स्वतःचं मत काय आहे?"

बाबांचं मत मला पाठ होतं. चूक दिसली की दुरुस्त करायची, परवानगी मागत बसलं तर अंक छापून जातो, असं ते म्हणायचे. मला म्हणायचे, तू भित्री भागूबाई आहेस, तुला जगात सगळे खुनी दिसतात. मी हे काही वकीलबाईंना सांगितलं नाही. फोनकडे बघितलं. गप्प होता. पडद्यावर हिरवा ठिपका आणि त्र्याण्णव.

"बघा," वकीलबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काहीच ठरवत नाही, तेव्हा तुम्हाला वाटतं की गोष्ट नुसती थांबलीय. तसं नसतं. लायसन्स लिहिलेलंच नसेल तर कायदा 'नाही' असं धरतो. म्हणजे आज कुणी ती पुस्तिका फक्त वाचू शकतं. उचलू काही शकत नाही."

"हो ना," तंतोतंत म्हणाला. "म्हणूनच तर मी नाही उचलला."

"काय नाही उचललं?"

"नमुना. सेटिंगचा." तो चष्मा पुसत होता. "नव्या आवृत्तीत सेटिंग आयतं भरून येतं. लोकांना हाताने भरायची कटकट नको म्हणून. तुमचाच नमुना घालणार होतो, पण मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात अजून ठरलं नाही. मग मी माझ्या मनाने लिहिला. पुस्तिका तर उघडलीच नाही, नकळत तुमचं काही उतरायला नको. आज सकाळीच गेली आवृत्ती सगळ्यांकडे."

तो हे अभिमानाने सांगत होता. कौतुक करावं अशी त्याची अपेक्षा असावी.

"सगळ्यांकडे म्हणजे आमच्या घरी पण?"

"हो, आपोआप बसते."

"आणि आम्ही आधी भरलेलं सेटिंग?"

"त्याच्या जागी नवं येतं."

मी शक्य तितक्या हळू विचारलं, "अरे, आकडा आलाच नाही तर तुझं सेटिंग काय करतं?"

"आकडा कमी झाला तर वाजवतं."

"कमी नाही रे. आलाच नाही तर."

"मग ते..." तो म्हणाला. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण त्याला वाक्य अर्धवट सोडताना पहिल्यांदाच पाहिलं. चष्मा हातातच राहिला.

"काही नाही करत," तो शेवटी म्हणाला. "तुलना करायला आकडाच नाही."

मी फोन उचलला. त्र्याण्णव. हिरवा ठिपका. मघाशी बोलताना बघितला तेव्हा पण त्र्याण्णवच होता. बाबांचा आकडा कधी एका जागी बसत नाही हो, खोकले की उतरतो, हसले की चढतो. मी फोन तंतोतंतच्या नाकासमोर धरला. "हा कधीचा आहे? आत्ताचा आहे का हा आकडा?"

त्याने लॅपटॉप ओढला आणि इंटरनेटवरून आमच्या घरच्या डबीशी जोडला. मग तो म्हणाला, "ताई, हा शेवटचा आलेला आकडा आहे. त्यानंतर काहीच आलेलं नाही. बराच वेळ झाला."

मी घरचा फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. बाबांना कमी ऐकू येतं, पण तो फोन त्यांच्या कोपराशी असतो आणि त्याला दिवा आहे लुकलुकणारा. तिसऱ्यांदा लावला. त्यांना सांभाळणाऱ्या ताई दुपारी जेवायला आपल्या घरी जातात, तेवढा वेळ बाबा एकटे असतात. आणि त्या वेळापुरता तर माझा सगळा भरवसा या मेल्या डबीवर. समोरच्या वहिनींकडे किल्ली असते. त्यांना लावला. "अगं, मी बहिणीकडे आलेय, का गं?" मी उत्तर न देताच फोन ठेवला.

"मी अँब्युलन्स बोलावते, पत्ता सांगा," वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. तंतोतंतने गाडीची किल्ली आणि लॅपटॉप घेतला. जिना मी कसा उतरले मला आठवत नाही, खाली आले तेव्हा एक चप्पल हातात होती.

गाडीत मी सतत फोन लावत होते. तंतोतंत दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता आणि पुटपुटत होता, "मी पुस्तिका मिटून ठेवली होती. मुद्दाम मिटून ठेवली होती." मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याने गाडी नीट चालवावी म्हणून मी त्याच्या जिवाला जपत होते. देवा, एवढं एकदा, मी म्हणत होते. काय वाटेल ते कर, एवढं एकदा त्यांना फोन उचलू दे.

घराच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लाल झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इकडे नाही, तिकडे नाही. हा पठ्ठ्या थांबला.

"काय करतोयस?"

"लाल आहे, ताई."

"अरे कुणी नाहीये! जा ना!"

"लाल आहे," तो म्हणाला, आणि मी बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय ब्रेकवर घट्ट होता. माणूस रडत होता, पण पाय उचलत नव्हता. मी दार उघडलं आणि पळत सुटले. माझ्या वयाची बाई, एका पायात चप्पल. पन्नासेक पावलं गेले असेन, तोवर तो गाडी घेऊन मागून आला, माझ्या बाजूचं दार उघडं ठेवून. हिरवा झाला होता.

लिफ्ट वर कुठेतरी अडकून बसली होती. जिने चढले. किल्ली कुलपात जाईना, उलटी धरली होती. आतून मशीनचा आवाज येत होता, घुर्र घुर्र, रोजच्यासारखा. तो आवाज ऐकून मला क्षणभर इतकं बरं वाटलं की मी दारालाच टेकले. चालू आहे. मशीन चालू आहे म्हणजे ठीक असणार.

बाबा खिडकीपाशी त्यांच्या चाकाच्या खुर्चीत होते. मान छातीवर. खिडकी अर्धी लावलेली. ऊन डोळ्यावर येत असणार, ती लावायला त्यांनी खुर्ची सरकवली असणार. खुर्चीच्या चाकाखाली नळी आणि चिमट्याची वायर, दोन्ही एकत्र चेपलेली. एकाच हिसक्यात दोन्ही गेलेलं. चिमटा जमिनीवर पडला होता. नळीचं एक टोक त्यांच्या नाकात होतं आणि दुसरं मशीनपासून निसटून फरशीवर. मशीन बिचारं इमानेइतबारे खोलीला ऑक्सिजन देत होतं.

"बाबा!"

ओठ जांभळे. नखं जांभळी. मी हलवलं, मान दुसरीकडे पडली. मी ओरडले, काय ओरडले देव जाणे. तंतोतंतने खुर्ची मागे घेतली, मी नळी उचलली, टोक मशीनवर बसवायला गेले तर बसेना. रोज करते मी ते काम, डोळे मिटून करते, आणि बसेना. शेवटी बसलं. नाकातली नळी सारखी केली. चिमटा बोटाला लावला.

आकडा आला. चौसष्ट.

मी असा आकडा कधी पाहिला नव्हता. पुस्तिकेत सत्तरच्या खाली काय करायचं ते आम्ही लिहिलंय, पण ते लिहिताना मला तो निव्वळ कागदावरचा आकडा वाटला होता. माझा फोन पदरात बोंबलायला लागला, आता कुठे त्याला सुचलं. मी त्याची बोंब बंद केली. "बाबा, श्वास घ्या. घ्या ना. नाकाने घ्या." सहासष्ट. पासष्ट. एकोणसत्तर. मी त्यांचा हात चोळत होते. बाहत्तर. त्यांच्या पापण्या हलल्या.

मागे तंतोतंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता, मांडीवर लॅपटॉप. मला वाटलं चक्कर आली की काय. तो म्हणाला, "ताई, बाकीची घरं."

मला आधी कळलंच नाही.

"सगळ्यांकडे सकाळी गेलीय. ज्यांचा चिमटा आत्ता निघालाय त्यांना कळणार नाही. त्यांचे फोन गप्प आहेत. ते खूश असतील." त्याचा चेहरा पांढराफटक होता. "आवृत्ती मागे घेतली तरी लोकांचं जुनं सेटिंग पुसलं गेलंय. मी परत माझ्या मनाने लिहू का?"

"नको!" मी किंचाळलेच. "एकदा लिहिलंस तेवढं पुरे. आमचा नमुना घाल."

"परवानगी?"

"अरे दिली! दिली, दिली, सगळी दिली! लाज वाटत नाही का रे, इथे माझा बाप..."

"मला नाही हो हवी!" तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "माझ्यापुरती तोंडी चालेल. पण जिथून सगळ्यांना आवृत्ती जाते तिथे लायसन्स नसलेला एक शब्द पुढे जात नाही. यंत्रच अडवतं. मी टाकला तरी अडकून पडेल. पुस्तिकेच्या पानावर लायसन्स लिहावं लागेल, आणि दोन्ही लेखकांनी आपापल्या खात्यातून 'मान्य' करावं लागेल. दोन्ही, ताई. तुम्ही आणि बाबा."

शहात्तर. बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते की माझ्यापलीकडे, कळत नव्हतं.

मी लॅपटॉप ओढून घेतला. पुस्तिकेचं पहिलं पान, लायसन्सची रिकामी जागा. इतके महिने मी तिथे काही लिहू दिलं नव्हतं. आणि खरं सांगते, बोट तेव्हाही अडलं. बाबा समोर जांभळे पडलेले आणि माझ्या मनात तेच भूत, कुणीतरी येईल, आकडा बदलेल, कुणीतरी मरेल, वर आमचं नाव असेल. मग मला फरशीवर पडलेला तो चिमटा दिसला. पुस्तिकेतलं एक अक्षरही कुणी बदललं नव्हतं, तरी इथवर आलोच होतो की आम्ही. मी लिहिलं: प्रोग्रॅमचं जे लायसन्स तेच या पुस्तिकेचं. माझ्या खात्यातून मान्य केलं.

"आता बाबा," तंतोतंत म्हणाला. आणि मग हळूच, "पण ते पुरते शुद्धीवर आहेत का? अशी संमती चालते का?"

मी त्याला काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

मी बाबांचं खातं उघडलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, पुस्तिका मोकळी करतोय. लोकांना घेऊ दे, बदलू दे. करू ना? तुमची 'हो' हवीय."

ऐंशी. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं गेले परत झोपेत. मग उजवा हात उचलला, तो एवढा जड झाला होता की मी खालून आधार दिला. बोट पडद्यावर आमच्या दोघांच्या नावांवर आलं. नावांवरून आडवं फिरलं आणि शेवटी एक वेटोळं काढलं.

"काय म्हणतायत?" तंतोतंत घाबरून म्हणाला. "नाही म्हणतायत का?"

बोट खाली सरकलं. त्या वाक्याखाली आलं, आधी घाबरा, मग बघा, आणि त्याच्याखाली त्यांनी टिंबं दिली. एक, मग थोडं थांबून दुसरं, मग तिसरं. प्रत्येक टिंबाला त्यांना श्वास लागत होता.

"नाव काढ म्हणतायत," मी म्हणाले. "नाव नको. ओळ राहू दे म्हणतायत."

"नाव नाही काढता येत," तंतोतंत रडत म्हणाला. "या लायसन्समध्ये नाव ठेवावंच लागतं."

बाबांनी त्याच्याकडे बघून जी कपाळाला आठी घातली, ती बघून मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस वाचणार. मी त्यांचं बोट धरून बटणावर नेलं. दाबलं त्यांनीच. मी शपथेवर सांगेन, दाबलं त्यांनीच.

अँब्युलन्सची माणसं वर आली तेव्हा तंतोतंत उंबऱ्यावर बसून आमचा नमुना उतरवत होता. एकेक अक्षर पुस्तिकेशी ताडून बघत होता. मी त्याला तिथेच सोडून बाबांबरोबर खाली गेले. आमचा चिमटा काढून स्ट्रेचरवर त्या माणसांनी त्यांचा लावला. आमचा खुर्चीच्या हातावर लोंबकळत राहिला.

इस्पितळात बाबांना पडद्याआडच्या खाटेवर घेतलं, तोंडावर मोठा मास्क लावला. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत, पण आजची रात्र बघावी लागेल. आजची रात्र बघावी लागेल म्हणजे काय, असं मला विचारायचं होतं, पण उत्तराची भीती वाटली आणि मी विचारलं नाही. खाटेशी स्टूलवर बसले. बाबांचे डोळे मिटलेले. छाती वर, छाती खाली. मी प्रत्येक वेळी पुढच्या 'वर'ची वाट बघत होते. कधी जरा उशीर झाला की मी उठून उभी राहायची.

आणि फोन बोंबलला.

अख्ख्या दालनात घुमला. मी अशी दचकले की स्टूल पडलं. बाबा! मी त्यांच्याकडे पाहिलं, मॉनिटरवरच्या आकड्याकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. छाती वर. छाती खाली. मग हा कुणासाठी ओरडतोय? मला फोनकडे बघायचीच हिंमत होईना.

बाबांनी डोळे उघडले नव्हते, पण ऐकलं असावं, नाहीतर मी स्टूल पाडलेलं जाणवलं असावं. त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. लहानपणी मी धड्यावर अडले की मारायचे तशी. बघ.

मी बघितलं. हिरवा ठिपका गेला होता. लाल पट्टीवर लिहिलं होतं: आकडा येत नाही.

घरी रिकाम्या खुर्चीवर लोंबकळणारा चिमटा. बोट नाही, आकडा नाही, आणि डबी जिवाच्या आकांताने मला हाका मारत होती. नमुना पोचला होता. इथे पोचला म्हणजे सगळ्या घरांत पोचला. आणि त्यांतल्या एखाद्या घरात आत्ता, या मिनिटाला, कुणीतरी स्टूल पाडून धावत असणार. त्यांना काय दिसणार होतं, मला ठाऊक नाही. मला रडू आवरेना.

पडदा बाजूला करून नर्स आत आली. "अहो बाई, तो फोन बंद करा! पेशंट झोपलेत इथे."

"करते हो," मी म्हणाले. "करते. थोडा वेळ वाजू दे."